व्हिटॅमिनवाले मेले

"उठा मेल्यांनो, जेवण आलंय," म्हणत काकूंनी पेटीचं दार उघडलं. आतली दमट ऊब चष्म्यावर आली आणि समोरचं सगळं धुकट झालं. हातात मोजे, त्यामुळे चष्मा पुसायची सोय नाही. काकू सवयीने चष्म्याच्या वरून बघत एकेक बाटली बाहेर काढू लागल्या. दोन शब्द ऐकवल्याशिवाय बाटली टेबलावर ठेवायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. कुणी फार वाढलं असेल तर "किती पसरलायस, बाकीच्यांना जागा ठेव," आणि कुणी मागे पडलं असेल तर "तुला काय धाड भरली?"

या बाटल्यांमध्ये कॅन्सर होता. म्हणजे कॅन्सरच्या जिवंत पेशी, तळाला चिकटून बसलेल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांना गुलाबी रंगाचं पातळ जेवण घालायचं, शिळं काढून ताजं भरायचं, दाटी झाली की अर्ध्यांना दुसऱ्या घरी पाठवायचं आणि कुणाला बाहेरची बाधा होऊ द्यायची नाही, हे काकूंचं प्रयोगशाळेतलं काम. कागदोपत्री त्यांच्या हुद्द्याला भलंमोठं नाव होतं. पण कुणी विचारलं तर त्या सांगायच्या की मी स्वयंपाकीण आहे, फक्त माझे जेवणारे कधी चव कशी झाली ते सांगत नाहीत.

आता 'मेले' या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला. उतू गेलेलं दूध मेलं, हरवलेली किल्ली मेली, वेळेवर न येणारी बस मेली. आणि तापलेल्या पोराला कुशीत घेऊन "झोप रे मेल्या" म्हणतानाही शब्द तोच. राग आणि माया एकाच डब्यात ठेवायची असेल तर याहून सोयीचा शब्द नाही. काकूंच्या तोंडी तो लहानपणापासून बसलेला. नोकरीला लागल्या त्याच आठवड्यात त्यांनी पेशींचं बारसं करून टाकलं आणि तेव्हापासून त्या पेशी म्हणजे 'मेले'.

पण जिथे दिवसभर कोण जगलं नि कोण मेलं हेच मोजायचं, तिथे हा शब्द म्हणजे डोकेदुखी. "मेले मेले का?" असं कुणीतरी विचारायचं आणि काकू शांतपणे सांगायच्या, "मेले अजून मेले नाहीत." नवा माणूस पहिल्या दिवशी हे ऐकून गांगरायचा आणि महिनाभरात स्वतःच तसं बोलायला लागायचा. खुद्द प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सरांनी, एकदा बाहेरच्या पाहुण्यांसमोर "आमचे मेले फार चिवट आहेत" असं म्हणून टाकलं आणि मग बराच वेळ पाणी पीत बसले. चिमणीने, म्हणजे तिथे डॉक्टरेट करणाऱ्या मुलीने, सकाळी फतवा काढला होता की आजपासून सगळ्यांनी 'पेशी' म्हणायचं. दुपारच्या चहाला तिने स्वतःच विचारलं, "मेल्यांना जेवण झालं का?"

चिमणी अंगाने एवढीशी आणि बोलायला भरभर, म्हणून तिचं हे नाव. तिचं सगळं भवितव्य सध्या व्हिटॅमिन ईवर टांगलेलं होतं. साधं व्हिटॅमिन ई नव्हे. ते तर तेलात असतं, दाण्यांत असतं, औषधाच्या दुकानात पिवळ्या गोळ्यांत मिळतं. तिच्याकडे होतं ते त्याच रेणूला एक छोटी शेपटी जोडून बनवलेलं. दिसायला जवळजवळ तेच, पण गुण निराळे. काकूंनी ऐकून घेतलं आणि सोपं करून टाकलं, की साधं ते सख्खं आणि शेपटीवालं ते चुलत. झालं, पेशींवर औषध करून बघायच्या चपट्या बशांवर तीच नावं पडली. ज्यांना काहीच द्यायचं नाही ते 'साधे', साधं व्हिटॅमिन दिलेले 'सख्खे' आणि शेपटीवालं दिलेले 'चुलत'. सख्ख्यांना आणखी एक नाव होतं, 'व्हिटॅमिनवाले', कारण शेपटीवाल्याला चिमणी व्हिटॅमिन म्हणू द्यायची नाही.

चुलतांच्या बशीत मात्र खरंच काहीतरी घडत होतं. पेशी वाढायच्या थांबायच्या. मग हळूहळू गोल व्हायच्या, तळाला धरलेला हात सोडायच्या आणि तरंगायला लागायच्या. कुणी मारल्यासारख्या नव्हे, आपणच आपलं आवरतं घेतल्यासारख्या. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशींना तेवढ्याच औषधाने फारसं काही होत नसे. चिमणी हे सांगताना खुर्चीवर बसायची नाही, उभ्यानेच सांगायची.

त्या दिवशी काकू चुलतांकडे बघत असतानाच त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. ते कामावर कधी फोन करायचे नाहीत, म्हणून काकूंनी मोजे काढून तो लगेच घेतला. ते एवढंच म्हणाले, "ताई म्हणतेय उद्या जाणार नाही. उद्याच काय, आता कधीच जाणार नाही. तू लवकर ये."

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, काकूंच्या वन्सं. वन्संनी लग्न केलं नाही, शिवणाच्या मशीनशी संसार केला. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे होते आणि उरलेल्या निम्म्यांच्या अंगावर काय चुकीचं शिवलंय ते त्या रस्त्यातच थांबवून सांगत. धाकट्याने संशोधन संस्थेत काम करणारी बायको केल्यावर त्यांनी तिचं नाव 'बाईसाहेब' ठेवलं, ते आजतागायत. काकू त्यांना अहोजाहो करायच्या आणि तरीही सुईच्या टोकाएवढ्या गोष्टीवरून दोघी भांडायच्या. मीठ कमी, मीठ जास्त, खिडकी उघडी, खिडकी बंद. घरातला पुरुष अशा वेळी बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालायचा. त्या घराइतकी हिरवी कुंडी गल्लीत दुसरीकडे नव्हती.

मग वन्संना छातीत गाठ निघाली. गाठ कापून काढली, पण आत काही उरलं असलं तर, म्हणून सलाईनमधून औषध द्यायला सुरुवात झाली. निम्मे हप्ते पार पडले होते. केस गेले, तोंडाची चव गेली, बोटांना मुंग्या यायला लागल्या, आणि शिवणाऱ्या बाईला बोटांतल्या मुंग्या म्हणजे काय हे सांगायला नको. तरी त्या जात होत्या, कुरकुर करत का होईना. डॉक्टरांनी बजावलं होतं की मध्येच सोडलं तर आतापर्यंतचं सोसलेलं फुकट जाऊ शकतं. आणि आता हे.

काकू घरी पोचल्या तेव्हा वन्सं चक्क मशीनवर बसल्या होत्या. डोक्याला त्यांनीच शिवलेला फुलाफुलांचा रुमाल, तोंडात टाचणी. नवरा बाहेर कुंड्यांपाशी. काकूंनी पर्स ठेवली आणि विचारलं की हे काय नवीन. वन्संनी टाचणी तोंडातून काढली, मशीनचा खण उघडला आणि एक बाटली काढून समोर ठेवली. आत पिवळ्या गोळ्या होत्या, बऱ्याचशा संपलेल्या.

"तू सांगितलं नाहीस म्हणून काय झालं," वन्सं म्हणाल्या. "मला कळलं. मी हे घेतेय आणि मला बरं वाटतंय. काल सूपाची चव लागली. ते सलाईन आता तुमच्या डॉक्टरांनाच लावा म्हणावं."

काकूंनी बाटली डोळ्यांजवळ नेली. व्हिटॅमिन ई. साधं, दुकानातलं, सख्खं. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा वन्सं गालात हसल्या. सांगितलं तूच, म्हणाल्या, फक्त मला नाही, फोनवर.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या सुट्टीच्या दिवशी चिमणी एकटीच कामावर होती आणि तिला सख्ख्यांच्या बशा सापडत नव्हत्या. तिने काकूंना फोन केला. काकूंचा आवाज मुळातच असा की त्यांना फोनची गरज नाही, असं नवरा म्हणतो. त्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होत्या, "व्हिटॅमिनवाले मेले? सगळे मेले ना? सगळे मेले," आणि पुढचं 'खालच्या कप्प्यात आहेत बघ' एवढं वाक्य किटलीच्या शिट्टीने गिळून टाकलं. पलीकडच्या खोलीत वन्संचे कान टवकारलेले. व्हिटॅमिनवाले मेले. सगळे मेले. कॅन्सरबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना ठाऊक होतंच. त्यांनी मशीन थांबवली, पायांत चपला घातल्या आणि थेट औषधाचं दुकान गाठलं. दुकानदाराने कुठलं व्हिटॅमिन म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना 'ई' आठवलं, कारण काकू जेवताना त्याच्यावर बोलतच असायच्या.

काकूंना हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की त्यांचा आवाज चढायचा. त्यांनी चढ्या आवाजात समजावलं की मेले म्हणजे ते मेले नव्हे, मेले म्हणजे ते मेले, जे अजून मेले नाहीत. हे वाक्य त्यांच्या स्वतःच्या कानांनाही खरं वाटेना. वन्सं शांतपणे ऐकत होत्या. त्यांचं म्हणणं पक्कं होतं की संस्थेचं गुपित फुटायला नको म्हणून बाईसाहेब आता शब्द फिरवतायत.

"वन्सं, मी तुमच्याशी खोटं बोलेन का?"

"मागच्या खेपेला सलाईनने काही त्रास होणार नाही असं कोण म्हणालं होतं?"

म्हणाल्या होत्या त्या काकूच. वन्संनी मशीनवरचं कापड सरळ केलं आणि मग वर न बघता, भांडणाचा सूर सोडून, जे इतके दिवस पोटात ठेवलं होतं ते बोलल्या.

"दिवसभर त्या कॅन्सरला जेवू घालतेस आणि संध्याकाळी येऊन मला सूप भरवतेस. त्याच हातांनी. कसं जमतं गं तुला?"

बाहेर पाण्याचा आवाज थांबला. हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं असं नाही. गाठ निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी उघडताना त्यांच्या तोंडून नेहमीचं "उठा मेल्यांनो" निघालंच नव्हतं. पण दोन दिवसांनी पुन्हा निघालं, कारण सवय म्हणा, काम म्हणा. त्या मोरीत गेल्या, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आल्या ते ठरवूनच आल्या.

"उद्या हॉस्पिटलच्या आधी माझ्याबरोबर या," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नका. तुमच्या डोळ्यांनी बघा. बघून जर वाटलं की गोळ्याच घ्याव्यात, तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

काकू एक शब्द बोलणार नाहीत, हे आमिष मोठं होतं. वन्संनी जरा विचार केला आणि मान डोलावली.

रात्रभर काकूंच्या जिवाला घोर. सरांची परवानगी फोनवर मिळाली, म्हणजे सर आधी हो-नाही करत होते, मग काकूंनी "नाही म्हणालात तर उद्या मेल्यांना तुम्ही जेवू घाला" असं सांगितल्यावर मिळाली. धास्ती वेगळीच होती. पेशींचा काही भरवसा नसतो. कधी कधी सख्ख्यांच्या बशीतही चार-दोन जण उगाचच्या उगाच तरंगतात. नेमकं तेच वन्संच्या नजरेला पडलं तर त्या म्हणणार, बघ, मेलेच की. आयुष्यात पहिल्यांदा काकू उशीवर डोकं ठेवून कॅन्सरच्या पेशींना जगा म्हणून विनवत होत्या.

सकाळी वन्संना तोंडाला मास्क, पायांत प्लॅस्टिकचे मोजे आणि अंगात काकूंचा जादा कोट असा सगळा सरंजाम चढवला. कोट वन्संनीच शिवलेला. तो घालताच त्यांनी बाही उलटी करून बघितली आणि काखेतली शिवण उसवलीय, इतके दिवस सांगता येत नव्हतं का, म्हणून झापलं. चिमणी दारातच उभी होती. तिला काकूंनी ताकीद दिली होती की मी सांगेपर्यंत चोच उघडायची नाही. ती बिचारी दोन्ही ओठ आत घेऊन उभी राहिली.

कुठल्या बशीत काय आहे हे काकूंनी सांगितलं नाही. पहिली बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि वन्संना बसवलं. वन्संनी सुई ओवायच्या सवयीने एक डोळा मिटला. दोन्ही डोळ्यांनी बघायचं असतं, असं सांगितल्यावर त्यांनी दोन्ही उघडले. तळाला गच्च चिकटून, एकमेकांना खेटून पेशी पसरल्या होत्या.

"हेच का ते?" त्यांनी हळू विचारलं.

हेच, असं काकू म्हणाल्या. वन्संनी खुर्ची पुढे ओढली. ज्याच्यापायी आपले केस गेले, झोप गेली, त्याला त्या पहिल्यांदाच समोरासमोर बघत होत्या. काकूंना वाटलं, घाबरतील. पण वन्संचा चेहरा खराब शिवून आणलेला कपडा तपासताना व्हायचा तसा झाला.

"दिसायला काही खास नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसरी दाखव."

काकूंनी दुसरी बशी ठेवली. वन्सं बघत राहिल्या. मग म्हणाल्या की हे तर आधीच्यांपेक्षाही मजेत दिसतायत, खाऊन-पिऊन अंग धरल्यासारखे, यांना काय घातलंयस?

काकूंनी घरून आणलेली पिवळ्या गोळ्यांची बाटली खिशातून काढून मायक्रोस्कोपशेजारी ठेवली.

"हे घातलंय," काकू म्हणाल्या. "वन्सं, हे व्हिटॅमिनवाले मेले. त्या दिवशी फोनवर मी यांच्याबद्दलच बोलत होते."

वन्संनी बाटलीकडे बघितलं, पुन्हा भिंगात बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. काकूंना वाटलं रडतायत, म्हणून त्या घाईने पुढे झाल्या, तर वन्सं हसत होत्या. आवाज न करता, मास्कच्या आत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे मी इतके दिवस यांचं बाळंतपण करत होते," असं त्या कशाबशा म्हणाल्या आणि मग चिमणीलाही राहवेना. तिघी हसल्या. आत येऊ बघणारे सर दारातून परत फिरले.

काकूंचा जीव भांड्यात पडला, पण अजून एक बशी उरली होती. ती दाखवावी की नाही यावर त्या रात्रभर विचार करत होत्या. न दाखवणं म्हणजे पुन्हा लपवणं झालं असतं. त्यांनी ती ठेवली.

या बशीत तळ बराचसा मोकळा होता. उरलेले गोल होऊन बसले होते, काही तरंगत होते, काहींचे तुकडे झाले होते. वन्संचं हसू थांबलं. त्या इतक्या पुढे वाकल्या की त्यांचा रुमाल भिंगाला टेकला.

"हे मेलेत," त्या म्हणाल्या. "हे खरे मेलेत."

"हो."

"मग हे द्या मला."

आता काकूंनी चिमणीकडे बघितलं आणि मान हलवली. चिमणीने भरभर सुरुवात केली, मग वन्संचा चेहरा बघून सावकाश बोलायला लागली. तिने सांगितलं की हे त्याच व्हिटॅमिनपासून केलेलं, पण शेपटीवालं, आणि सगळी करामत त्या शेपटीची. तोंडाने गिळलं तर पोटात शेपटी तुटते आणि उरतं ते साधंच. सुईने उंदरांना दिलं तेव्हा बऱ्याचदा गुण दिसला, पण बशीतलं उंदरात आणि उंदरातलं माणसात येईलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. अजून किती वर्षं लागतील ते तिला माहीत नव्हतं, आणि लागून काही हाती येईल की नाही तेही. हे सांगताना ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. आशा लागते तेव्हा ती चोरपावलांनी येते आणि जाताना मात्र माणसाचा चेहरा उतरवून जाते. काकूंना ते बघवेना आणि त्या उगाचच बशांची झाकणं सारखी करत राहिल्या. जरा वेळाने वन्संनीच विचारलं की चुलत मारतं आणि सख्खं पोसतं, असं का? नात्याचं काही सांगता येत नाही, असं काकू म्हणाल्या. वन्संनी त्यांच्याकडे तिरकं बघितलं. मग त्या पुन्हा पहिल्या बशीकडे वळल्या.

"हे कुणाचे आहेत? म्हणजे कुणाच्या अंगातले?"

"एका बाईच्या," काकूंनी सांगितलं. "फार जुनी गोष्ट. ती केव्हाच गेली. तिच्या गाठीतून काढलेले अजून वाढतायत. मी इथे आले त्याच्याही आधीपासून."

"तिला ठाऊक होतं?"

ते काकूंना माहीत नव्हतं. तिचंही काही ना काही अर्धवट राहिलं असेल, असं वन्सं पुटपुटल्या, मशीनवरचं नाहीतर चुलीवरचं. काकूंच्या मनात एकदम आलं की इतकी वर्षं आपण त्या बाईचा कधी असा विचार केला नाही. त्यांना वाईट वाटलं. आणि कालच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय तेही आठवलं.

"वन्सं, काल तुम्ही विचारलंत ना, कसं जमतं. हे आधी नीट जगले नाहीत, तर कशाने मेले ते आम्हाला कळणार कसं? एवढ्यासाठीच जेवू घालते. दुसरं काही मला येत नाही."

वन्सं उठल्या, कोटाची बटणं काढली, गोळ्यांची बाटली उचलून काकूंच्या हातात दिली. आणि चिमणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या की तू शेपटीचं बघ, मी माझं सलाईन बघते, दोघींनी आपापलं काम करू. मग घड्याळाकडे बोट दाखवून काकूंवरच ओरडल्या की किती उशीर केलास, तिथे माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला देतील.

हॉस्पिटल रस्ता ओलांडला की होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची हकिगत ऐकली तेव्हा त्या आधी रागावल्या आणि मग त्यांनाही हसू आवरेना. गोळ्या लगेच बंद, आणि यापुढे औषधाच्या नावाखाली काहीही तोंडात घालायचं तर आधी मला विचारायचं, असं त्यांनी वन्संकडून कबूल करून घेतलं. रक्त तपासलं, ते ठीक निघालं. वन्संनी खिडकीजवळची खुर्ची मागून घेतली. नर्सने हातात सुई घातली तेव्हा त्यांनी सुईकडे बघून ही कितव्या नंबरची म्हणून विचारलं. औषधाची पिशवी वर टांगली गेली, थेंब पडायला लागले. वन्संनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि मग आपल्या छातीकडे बघत, शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली.

"उठा मेल्यांनो, जेवण आलंय."

काकूंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. डोळे पुसून पुन्हा इकडे बघितलं तोवर वन्सं जरा टेकल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांचे डोळे मिटले. रुमाल एका बाजूला सरकला होता, तो काकूंनी सारखा केला, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी तसं करू दिलं.

दुपार कलली. काकूंच्या मनात आलं की पेटीतल्यांची वेळ झाली. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं. रस्ता ओलांडून जायचं, भरवायचं आणि यायचं, वन्संची झोप मोडायच्या आत परत येता आलं असतं. त्या उठायला लागल्या तर हात अडकला. वन्संच्या सुई नसलेल्या हाताची बोटं त्यांच्या बाहीला चिकटून होती. झोपेत, मुंग्या आलेली, तरी घट्ट. काकूंना भिंगाखाली बघितलेलं आठवलं, की जीव आहे तोवर सोडत नाहीत.

त्या पुन्हा बसल्या आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. आजूबाजूला सगळे रुग्ण, म्हणून शब्द जपून वापरायचा असं त्यांनी ठरवलं आणि आवाजही आयुष्यात प्रथमच खाली आणला.

"चिमणे, आज पेशींना तू जेवण दे. मला यायला जमणार नाही."

"पेशी काय म्हणतेस," वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या. "मेले म्हण. उगाच लाडावून ठेवू नकोस."

मग त्यांची बोटं बाहीवरून चाचपत काखेपर्यंत गेली आणि तिथे थांबली. इथेही उसवलीय, त्या म्हणाल्या, घरी गेल्यावर काढून दे, दोन टाके घालते. काकू बरं म्हणाल्या आणि हात होता तसाच राहू दिला.